हवेचा घोट

१

मुगाच्या डाळीचं पाणी मलमलच्या कापडातून दोनदा गाळायचं. त्यात दूध आणि ज्वारीच्या पिठाची पातळ पेज मिसळायची आणि पुन्हा एकदा गाळायचं, कारण एखादा कण राहिला तरी नळी तुंबते. मग ते मापाच्या रेघा असलेल्या बरणीत ओतायचं, बरणी कॉटच्या उशाशी स्टुलावर ठेवायची, पंपाची नळी तिच्यात सोडायची आणि बटण दाबायचं. पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरात दुपारची सुरुवात अशी होत असे, आणि हे काम मी एकदाही दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोक वाटेल ते बोलले.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या बायकोला, आनंदाला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं गेलं. डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली आणि मला बजावलं, “तोंडातून एक थेंबही द्यायचा नाही. श्वासनळीत गेला तर जीव जाईल.” सुरुवातीला मी मोठ्या सिरिंजने भरवत होतो. हात कितीही सांभाळला तरी कमीजास्त व्हायचं आणि तिला उलटी व्हायची. डॉक्टर म्हणाले, हळूहळू द्या, तासाभरात सावकाश गेलं पाहिजे. अन्ननलिका घास कसा मागून दाबत दाबत पुढे ढकलते, ते त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. ते चित्र पाहूनच मला पंप सुचला.

घराच्या पुढच्या खोलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मला कोणी शिकवलं नाही; मासिकं वाचून आणि वस्तू उघडून मी शिकलो. नागपूरला दवाखान्यातल्या जुन्या यंत्रांचं भंगार विकणारा एक जण आहे. त्याच्याकडे मला मुठीएवढा पंप मिळाला. त्यात चाकावर तीन रोलर असतात. ते मऊ पारदर्शक नळीला दाबत फिरतात आणि आतला द्रव पुढे सरकतो. द्रव यंत्राला शिवतसुद्धा नाही. चाक थांबलं तरी एक रोलर नळी चिमटून धरलेलाच असतो, त्यामुळे बंद पंपातून थेंब पुढे जात नाही. मी त्याला मोटर लावली, मायक्रोकंट्रोलर बसवला आणि प्रोग्राम लिहिला. इतकी मापं द्यायची, मध्ये थांबायचं, पुन्हा द्यायचं. वीज गेली तर कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे जायचं. संपलं की पीं करून वाजायचं. एका मापाला मी ‘घोट’ म्हणायचो आणि छोट्या पडद्यावर घोटांचा आकडा दिसायचा.

संक्रांतीनंतर पंप चालू झाला आणि उलट्या थांबल्या. आनंदाच्या गालांवर थोडं मांस आलं.

२

नळीत आधी हवा असते. ती पोटात गेली तर पोट फुगतं. म्हणून नाकातल्या नळीला जोडण्याआधी मी पंपाची नळी एका स्टीलच्या वाटीत सोडायचो आणि पहिला घोट त्या वाटीत पडू द्यायचो. हवा निघून सलग धार आली की मगच जोडायचं. बरणी स्टुलावर, म्हणून वाटीला जागा नव्हती. ती मी खाली, कॉट आणि भिंत यांच्यामध्ये ठेवायचो.

सुलोचनाबाई, म्हणजे आनंदाची थोरली बहीण, मदतीला वडनेरहून येऊन राहिल्या होत्या. तोंडाने फटकळ, पण हाताने प्रेमळ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “हे काऊन सांडून राह्यले, जवाईबापू?”

“सांडत नाई, बाई. हवेचा घोट आहे तो.”

“मंग बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पहिला हवेलेच द्यायचा असते.”

मी हसलो. आनंदाची ती सवय मला लग्नापासून माहीत होती. जेवायला बसली की पहिला घास ताटाबाहेर काढून भिंतीशी ठेवायची. मी म्हणायचो, मुंग्यांची चांगली सोय आहे. ती म्हणायची, “आमच्या घरी सगळेच ठेवत.” कोणासाठी, हे तिलाही माहीत नव्हतं, बाईंनाही नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ज्याचा असन त्याचा. आपण काय त्याले नाव विचारतो?”

पुढे यातली एक गोष्ट मला खटकली, पण ती फार उशिरा. ती वाटी मी कधी धूत नव्हतो. दुपारी पंप वाजला की मी खोलीत यायचो तेव्हा वाटी कोरडी असायची, आतून लखलखीत. मला वाटायचं, बाई धुतात.

३

शेजारचे बबनराव एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेत. दुपारी दुकानात येऊन बसायचे. एकदा मी पंप लावत असताना ते दारातून पाहत होते.

“डोमाजी, एवढा मोठा इंजिनेर माणूस तू, अन् रोज दूध भुईवर ओततं?”

त्यांनी थट्टा केली होती, पण मला ती लागली. कारण ते खरं होतं. चांगल्या कामात वाया जाणारं काही असू नये. मी विचार केला आणि उपाय सापडला. भरवून झालं की उकळून गार केलेलं पाणी नळीतून सोडतोच. ते नळीत तसंच भरलेलं ठेवायचं आणि टोकाला बूच लावायचं. मग दुसऱ्या दिवशी हवेला जागाच नाही. प्रोग्राममधून मी हवेचा घोट काढून टाकला. वाटी मांडणीवर गेली.

सुलोचनाबाईंनी पाहिलं. “वाटी कुठी गेली?”

“आता लागत नाई.”

त्यांनी मांडणीकडे पाहिलं. आनंदाने मात्र मान वळवली, जेवढी वळत होती तेवढी, आणि भिंतीकडे पाहिलं.

४

होळीनंतर ऊन चढलं आणि आनंदा वाळायला लागली.

बरणी रोज पूर्ण रिकामी होत होती. घोटांचा आकडा रोज बरोबर येत होता. चादर कोरडी, उशी कोरडी, जमीन कोरडी. मी पंप सोडवून आणला, पाणी भरून मापाच्या नळकांड्यात सोडलं. एका थेंबाचा फरक नव्हता. आणि तरी तिच्या दंडाभोवती माझी बोटं, जी आधी एकमेकांना टेकायची नाहीत, ती टेकायला लागली.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापण्या ओढून पाहिल्या, पोट चाचपलं, नळी तपासली. नळी जागेवर होती.

“तुम्ही हिला उपाशी ठेवताय,” ते म्हणाले.

मी त्यांना माप सांगितलं, मिश्रण सांगितलं, रोज किती घोट जातात ते सांगितलं. ते ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मग म्हणाले, “यंत्रावर इतका विश्वास ठेवू नका. पोटात काही जातच नाहीये.”

मी आयुष्यात फार कमी वेळा कोणावर चिडलो असेन. गिऱ्हाईक चूक असलं तरी मी आधी ऐकून घेतो. पण त्या दिवशी ऑटोत तिला छातीशी धरून परत येताना मी वाटभर मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत होतो. जो माणूस आपल्या हाताने गाळतो, मोजतो, तासभर कान देऊन बसतो, त्याला उपाशी ठेवताय म्हणायचं? चार दिवसांत मोहल्ल्यातही तेच झालं. बबनराव तोंडावर म्हणाले, “लोक म्हणून राह्यले, डोमाजीची मशीन बायकोले खाऊन राह्यली.” आणि वर हसले.

मी त्यांना सांगितलं, पुन्हा दुकानात यायचं नाही.

५

माणूस रागात असला की जवळच्याकडे पाहतो. जे बरणीतून जातं ते कुठेतरी जायलाच हवं. दुपारी आनंदाच्या खोलीत जाऊन-येऊन फक्त सुलोचनाबाई असायच्या. यंत्राचं अन्न म्हणजे अन्न नव्हे, असं त्या एक-दोनदा बोलल्याही होत्या. त्या नळी काढून मोरीत सोडत असतील आणि बहिणीला तोंडाने काही चारत असतील तर? तसं असेल तर ती वाळण्याआधी गुदमरून मरेल.

मी विचारलं. नीट विचारायला हवं होतं, तसं विचारलं नाही.

“जवाईबापू,” त्या म्हणाल्या, “मी बुढी झाली, येडी नाई झाली. माह्या बहिणीचं मी मोरीत ओतन?”

“मग कुठी जाते ते?”

“मले काय विचारता? तुमची मशीन तुमचं ऐकते ना. तिलेच विचारा.”

“मोजून देतो मी रोज.”

“मोजून देता. देता कोणाले, ते कोणं पायलं?”

बोलता बोलता वाटीचा विषय निघाला, कसा ते आठवत नाही. बहुतेक त्याच म्हणाल्या की वाटी होती तोवर ठीक होतं. मी म्हणालो, ती वाटी तुम्ही रोज धूत होता, तेव्हा काही त्रास नव्हता ना?

“म्या कधी धुतली?” त्या म्हणाल्या. “तुमीच धुवत होते.”

मग मी म्हणालो की मांजर असेल. खोलीच्या खिडकीला बारीक जाळी आहे आणि दार दुकानात उघडतं, जिथे मी बसलेला असतो. हे दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळच्या एसटीने बाई वडनेरला निघून गेल्या.

६

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. कूलरची घरघर इतकी सवयीची होते की तो बंद पडला की कान दुखल्यासारखं वाटतं. त्यातच भारनियमन. जेवणाच्या सुमाराला वीज जायची आणि ऊन कलेपर्यंत यायची नाही.

त्या दिवशी मी पंप सुरू करून दुकानात येऊन बसलो होतो. खोलीचं दार लोटलेलं होतं. वीज गेली. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकलं आणि तेही थांबलं. पंपाची बारीक गुणगुण तर आधीच थांबली होती. वीज येईपर्यंत आता तो थांबणार, आकडा लक्षात ठेवणार. मी डोळे मिटून टेकलो.

आत कोणीतरी घोट घेतला.

घुटुक.

मी काय समजलो, ते खरं सांगतो. मला आनंद झाला. मला वाटलं, तिचं गिळणं परत आलं. लाळेचा घोट असेल. मी तसाच ऐकत राहिलो. घुटुक. थोडं थांबून पुन्हा घुटुक. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा लाळेचा घोट नाही. लाळ इतकी भराभर तयार होत नाही. हा तहानलेल्याचा आवाज होता, भरल्या तांब्याला तोंड लावल्यावर येतो तसा.

तोंडातून एक थेंबही नाही. मी धावत उठलो, पण दार मात्र हळूच ढकललं. तिला दचकवायचं नाही म्हणून.

७

खोलीत कोणी नव्हतं. जाळीतून येणारा पांढरा उजेड कॉटवर पडला होता. आनंदा डाव्या कुशीवर वळलेली होती, भिंतीकडे तोंड करून. ती स्वतःहून वळली होती. गेल्या कित्येक महिन्यांत जिला मी उशा लावून वळवत होतो, ती.

नाकातल्या नळीचं बूच लावलेलं होतं. नीट, घट्ट, मी लावतो तसं.

पंपाची नळी तिने डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली होती आणि हात कॉट आणि भिंत यांच्यामधल्या फटीवर पुढे केला होता. तान्ह्या मुलाच्या तोंडाशी बोंडलं धरावं तसा. जिथे मी वाटी ठेवत होतो, त्याच्या थोडं वर.

मी आधी पंपाकडे पाहिलं, कारण माझी सवय ती आहे. पडदा विझलेला. चाक थांबलेलं. एक रोलर नळीला दाबून बसलेला, त्याच्याखाली नळी चपटी. त्यातून काही जाणं शक्य नाही. आणि त्यातून दूध जात होतं. सलग नव्हे. एक फुगीर घोट, मग रिकामी जागा, मग एक घोट. चपट्या जागेशी यायचा, नाहीसा व्हायचा आणि पलीकडे दिसायचा.

मग मी नळीच्या टोकाकडे पाहिलं.

टोक भिंतीपासून वीतभर अंतरावर, हवेत होतं. ते मिटत होतं आणि उघडत होतं. दोन्हीकडून अलगद दाबलं जायचं, चपटं व्हायचं, आणि पुन्हा गोल. त्याला दाबणारं काही दिसत नव्हतं. दाताची खूण उठत नव्हती. नुसतं मऊ काहीतरी दाबत होतं. घुटुक. एक थेंबही खाली पडत नव्हता.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. माझ्या बायकोचं हाड दिसायला लागलं होतं, मी तिला उपाशी ठेवतो असं गावभर झालं होतं, तिच्या सख्ख्या बहिणीला मी चोर ठरवून घालवलं होतं, आणि हे इथे बसून तिच्या तोंडचं पीत होतं. रोज. मी गाळलेलं, मी मोजलेलं.

“हे तिचं आहे,” मी म्हणालो आणि नळी हिसकली.

ती सुटली नाही. दुसऱ्या बाजूने ओढ होती. फार जोराची नाही. वासराच्या तोंडातून दोर काढताना लागते, तेवढी. टोक माझ्या बोटांना गरम लागलं.

तेव्हा आनंदा बोलली. झटक्यानंतर पहिल्यांदा. आवाज जाड होता, पण शब्द स्वच्छ होते.

“थांबा जी. होऊ द्या त्याचं.”

८

मी हात सोडला. का सोडला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. इतक्या महिन्यांनी तिने काहीतरी मागितलं होतं, म्हणून सोडला असेल.

दुसऱ्या दिवशी मांडणीवरून वाटी काढली. नळीतलं पाणी सांडून ती रिकामी केली, म्हणजे हवा शिरेल. प्रोग्राममध्ये हवेचा घोट परत घातला. वाटी फटीत ठेवली, ती भरली, मग नळी जोडली आणि भिंतीकडे पाठ करून बसलो. वाटीकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी माझ्या घरात, माझ्या बायकोच्या अन्नातून, कोणाचा तरी वाटा काढत होतो आणि तो कोणाचा हे विचारायची सोय नव्हती. याहून अपमानाची गोष्ट मला माहीत नाही.

आनंदाच्या दंडाभोवती माझी बोटं पुन्हा एकमेकांना टेकेनाशी झाली.

मी वडनेरला गेलो, सुलोचनाबाईंची माफी मागायला. अंगणात तूर निवडत होत्या. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, “वाटी ठेवली?”

“ठेवली.”

“मंग चला,” म्हणून त्या पिशवी भरायला आत गेल्या.

मोहल्ल्यातही वारं फिरलं. बबनराव दारात उभे राहून म्हणाले, “तुही मशीन तर लयच भारी निंगाली, डोमाजी.” डॉक्टरांनी पंप पाहायला मागवला, हातात फिरवला, शाबासकी दिली. “सेटिंग सुधारलंत ना?” म्हणाले. मी हो म्हटलं. पूर्वी माप बरोबर होतं तेव्हा मी खुनी होतो आणि आता दोन चमचे भुईवर ओततो तर मी हुशार.

आणि आनंदा त्यानंतर एक शब्द बोलली नाही. मी जवळ बसून विचारायचो, हाक मारायचो, तिचंच नाव तिला सांगायचो. ती ओळखीने पाहायची, बोलायची नाही. तिला गाळून भरवणारा मी, पुसणारा मी, कूस बदलणारा मी. आणि इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून निघालेले शब्द माझ्यासाठी नव्हते. हा राग मी कोणाला सांगू?

९

पोळ्याच्या सुमाराला डॉक्टर घरी आले. घसा तपासला आणि म्हणाले, आता तोंडाने देऊन पाहू. एकच घास, मऊ. गिळला तर पुढच्या आठवड्यात नळी काढू.

बाईंनी मऊ भात कालवून आणला. घरात सण असल्यासारखं झालं. बबनरावही येऊन दाराशी उभे राहिले. दुपारपर्यंत पंपाचं काम नव्हतं म्हणून मी तो पुसून, नळी गुंडाळून खोक्यात ठेवला होता. वाटी मांडणीवर पालथी होती.

आनंदाला उशांना टेकवून बसवलं. डॉक्टरांनी मला दाखवलं, “तिच्या गळ्याच्या मण्यावर बोट ठेवा. गिळताना तो वर जातो. तो वर गेला की समजायचं, घास पोटात गेला.” मी बोट ठेवलं. तिची कातडी गार होती. मी चमचा तिच्या ओठांशी नेला आणि तिने तोंड उघडलं. चिमणीच्या चोचीएवढा घास मी जिभेवर ठेवला. तिने ओठ मिटले.

ती भिंतीकडे पाहत होती.

वीज होती, कूलर चालू होता. तरी आवाज सगळ्यांना ऐकू आला.

घुटुक.

डॉक्टर हसले. बबनरावांनी मांडीवर थाप मारली. डॉक्टरांनी तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि टॉर्च मारली. जीभ स्वच्छ होती, शीतही नव्हतं.

“गिळला,” डोळ्यांना पदर लावून सुलोचनाबाई म्हणाल्या.

माझं बोट अजून तिच्या गळ्यावर होतं. मणी जागचा हलला नव्हता.

“कोणी?” मी विचारलं.